खोडदचं नकली होल्स्टर

खोडदला माणसं जातात ती दुर्बिणीच्या तबकड्या बघायला. कांद्याच्या वाफ्यांतून आणि द्राक्षबागांतून वर डोकं काढून आभाळाकडे तोंड करून बसलेल्या त्या जाळीच्या अवाढव्य तबकड्या मीही पाहिल्या, नाही असं नाही. पण मी गेलो होतो एका चामडी पिशवीसाठी. तिच्यात द्राक्षं छाटायची कात्री ठेवलेली होती.

खुलासा करतो. मी सत्तावीस वर्षं एका सरकारी भांडारात चामड्याचा माल तपासला. बूट, पट्टे, खोगिरं, काडतुसांची पाकिटं आणि होल्स्टर, म्हणजे कमरेला पिस्तूल अडकवायचं चामड्याचं कव्हर. निवृत्त झाल्यावर माणसं फुलझाडं लावतात, नाहीतर सोसायटीत भांडणं लावतात. मी जुनी होल्स्टरं ओळखून देऊ लागलो. लष्कराचं की पोलिसाचं, कुठल्या काळातलं, शिपायाचं की साहेबाचं. बायको म्हणायची, "घरात एक उंदीर मारवत नाही, आणि पिस्तुलाच्या पिशव्या कसल्या हुंगता!" तिचं बरोबरच होतं. पिस्तूल मी आयुष्यात एकदाही चालवलेलं नाही.

नारायणगाव

नव्व्याण्णव सालचा जानेवारी महिना. कांतिशेठचं पत्र आलं होतं. कांतिशेठ म्हणजे नारायणगावातले कापडाचे व्यापारी. पणजोबा राजस्थानातून आले, आणि आता हे अस्सल जुन्नरी मराठीत घासाघीस करतात. पत्रात एवढंच होतं की खोडदच्या एका कुटुंबाला माझी गरज आहे आणि सव्वीस जानेवारीच्या आत यावं.

मी एसटीतून उतरलो, हातपाय धुतले, आणि चहाच्या आधीच शेठनी परीक्षा घेतली. कपाटातून एक काळपट होल्स्टर काढून माझ्या मांडीवर टाकलं.

"सांगा बघू, कुणाचं?"

मी उलटंपालटं केलं. पट्टा ओवायची पट्टी रुंद, झाकणाला एकच पितळी बटण, मागे जिल्ह्याची अक्षरं ठोकलेली आणि त्याखाली नंबर. उजव्या कडेचं चामडं झिजून मऊ झालेलं.

"पोलिसाचं. स्वातंत्र्यानंतरचं. आणि ज्या फौजदाराचं होतं त्याने पिस्तूल फारसं बाहेर काढलेलं नाही. झाकण कोरं आहे, कड तेवढी झिजलीय. खुर्चीच्या हाताला घासून."

शेठ इतके हसले की आतून त्यांच्या सूनबाई बघायला आल्या. "आमच्या दुकानासमोरच बसायचे हो! रिटायर झाल्यावर देऊन गेले."

माझी कॉलर ताठ झाली. हे मुद्दाम सांगतो, कारण दुसऱ्या दिवशी याच कॉलरने मला तोंडघशी पाडलं.

खोडद

सकाळी बाबूराव मोटरसायकल घेऊन न्यायला आले. पन्नाशीच्या आतबाहेरचा, हाडापेराने मजबूत माणूस, दीड एकर द्राक्षबाग. वाटेत मागे वळून वळून बोलत होते आणि मी देवाचं नाव घेत होतो.

"छप्पन सालापासून आमी बौद्ध, भाऊ. वडील गेले त्याला बारा वर्सं झाली. ब्रह्मदेशात लढाईला व्हते. मशीनगनवर. पण कागद एक न्हाई. छप्पर गळलं, पेटीत पाणी गेलं, समदा लगदा झाला."

"मग अडलंय काय?"

"शाळेपुढं दगड बसवत्यात. गावातनं लढाईला गेलेल्यांची नावं. सव्वीस जानेवारीला उघडायचा. त्यात वडलांचं नाव न्हाई."

दगडाच्या कमिटीचे अध्यक्ष म्हणजे माजी सरपंच अण्णा. त्यांचं म्हणणं असं की सखाराम, म्हणजे बाबूरावांचे वडील, पलटणीत होते हे खरं, पण साहेबाचे बूट पुसायला. त्यांनी घरी आणलेलं पिस्तुलाचं कव्हर साहेबाचं. साहेबाने फेकलेलं, नाहीतर याने ढापलेलं. गावात ही कुजबूज पन्नास वर्षं होती. बाबूराव शाळेत असताना पोरं त्यांना 'बूटपॉलिश' म्हणायची. शेवटी अण्णांनी तोडगा काढला होता की जाणकार माणसाने कव्हर बघून लेखी द्यावं, ते शिपायाचं निघालं तर नाव घालू. तो जाणकार मी.

घरी बाबूरावांच्या आई होत्या, सोनाबाई. सत्तरी ओलांडलेल्या, कपाळ मोकळं, नजर अशी की समोरचा उगीच सदऱ्याची बटणं तपासतो. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तिच्या शेजारी खिळ्याला ते होल्स्टर. त्यातून कात्रीच्या लाल मुठी बाहेर आलेल्या.

मला राहवलं नाही. "अहो, यात कात्री ठेवता?"

"मंग काय ठिवू?" सोनाबाई म्हणाल्या. "पिस्तूल हाय का आमच्यापाशी?"

आमच्या पुण्यात असली वस्तू काचेच्या कपाटात जाते आणि तिथे तिला बुरशी धरते. इथे ती रोज बागेत जात होती, दर छाटणीला करडईचं तेल पीत होती, आणि चामडं लोण्यासारखं राहिलं होतं. हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण कबूल केलं नाही.

आधी जेवण झालं. मासवड्या! बेसनाच्या पारीत खोबऱ्या-तिळाचं सारण, वड्या कापून रश्शात सोडलेल्या, आणि रस्सा असा की पहिल्या घासाला नाक वाहायला लागलं. बरोबर बाजरीची भाकरी. पाहुणा म्हणून मला मोठी, जाड पितळी थाळी दिली होती. ती थाळी ध्यानात ठेवा. मी ठेवली नाही.

जेवण आटोपतंय तोवर अण्णा आले, बरोबर कमिटीची दोन माणसं. मी भिंग काढून ओसरीवर बसलो. जी काही जादू करायची ती चार लोकांपुढे करायची, ही माझी जुनी खोड.

पहिल्याच नजरेत काहीतरी खटकलं. होल्स्टर लष्करी घाटाचं होतं, त्यात शंका नाही. झाकणाचा आकार, खाली नळीचं टोक, मागे पट्ट्याची पट्टी, सगळं जागच्या जागी. झाकणाच्या आत सरकारी बाण होता. तीन रेघांचा हा बाण सरकारी मालावर ठोकतात. साहेब लोक आपली होल्स्टरं दुकानातून विकत घेत, त्यावर हा बाण नसतो. शेजारी इंग्रजी आकड्यांत ४३१७ असा नंबर आणि त्याला लागून एक गोल ठिपका. पण बाण ठोकलेला नव्हता. आरीने टोचून टोचून काढला होता. नंबरही तसाच, ठिपकाही तसाच. खालच्या कोपऱ्याला सुपारीएवढं ठिगळ होतं, ते उसवून आत पाहिलं तर खालचं चामडं धडधाकट! फाटलंच नव्हतं, तर ठिगळ कशाला?

मग मी जुनी युक्ती केली. शिवणीच्या आतली कड नखाने खरवडली आणि जिभेला लावली.

"अगं बया," सोनाबाई दारातून म्हणाल्या, "ह्यो तर चाटतोय!"

चव तुरट होती आणि आतला रंग फिका पिवळट. कानपूरकडचा लष्करी माल बाभळीच्या सालीत कमावलेला असतो, तो आतून तांबूस निघतो. हे चामडं हिरड्यात कमावलेलं होतं. हिरडा आंबेगावच्या डोंगरात मिळतो, भीमाशंकरच्या अंगाला पोती भरभरून गोळा करतात. म्हणजे माल इथलाच, घरगुती. शिवणही उलटी होती. यंत्राची नव्हेच, आणि हातशिवणीचे टाके एका बाजूला कलतात ते इथे दुसऱ्या बाजूला कलले होते. डावखुऱ्या माणसाचं काम.

आणि मी, शहाणा माणूस, चारचौघांत म्हणालो, "हे नकली आहे. लष्कराचं नाही. इथेच कुठेतरी बनवलंय."

अण्णा उठले. आवाज वाईट नव्हता त्यांचा, दमलेला होता. "बाबूराव, बगा आता. साहेबाचं बी न्हाई. वडलांनी हौसंनं करून घेतलं असंल. दगडावर कसं घालावं आमी?"

ते गेले. बाबूराव कितीतरी वेळ अंगणातल्या मोटरसायकलकडे बघत राहिले. सोनाबाई आल्या, माझ्या हातातून होल्स्टर घेतलं, पदराने पुसलं, कात्री आत घातली आणि खिळ्याला लावलं.

"पावणं," त्या म्हणाल्या, "मानूस मेल्याव त्याला दुसऱ्यांदा मारू न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भांडारात असताना मी शेकडो बूट 'नापास' म्हणून फेकले, पण बुटांच्या मागे काही बायको नसते. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं आहे.

नारायणगावला परतताना डोक्यात एकच किडा वळवळत होता. हौसेने नकली करून घेणारा माणूस झकपक करून घेईल. फाटलेलं नसताना ठिगळ कोण लावून घेतो?

घोडेगाव

सकाळी मी कांतिशेठकडून निरोप धाडला आणि बाबूरावांना बोलावलं. येतील असं वाटलं नव्हतं. आले, होल्स्टर पिशवीत घालून.

"तुमच्या आईचं माहेर कुठलं?"

"घोडेगाव."

"झालं तर मग. चला."

हिरडा आंबेगावचा आणि सासुरवाडी आंबेगाव तालुक्यातली, एवढ्या भांडवलावर निघालो. मंचर सोडलं की डोंगर जवळ यायला लागतात आणि हवा बदलते. रस्त्याकडेला हरभऱ्याचे डहाळे विकायला होते, ते घेतले. बाबूराव थंडपणे खात होते. त्यांना राग आला असता तर बरं, असं मला सारखं वाटत होतं. ते भांडले असते तर मी माफी तरी मागितली असती.

घोडेगावच्या बाजारात उतरलो आणि दहा पावलांवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. एक पाय फरफटत मी चौकशी करत हिंडलो, "इथे कुणी म्हातारे, डावखुरे, चामड्याचं काम करणारे आहेत का?" लोक आधी माझ्या पायाकडे बघायचे आणि म्हणायचे, "त्याला डावराच कशापायी पायजे, राव? कुनी बी शिवंल की!"

अखेर एका पानवाल्याने बोट दाखवलं. वडाखाली गोणपाट अंथरून एक म्हातारा बसला होता. सगळे त्याला तात्या म्हणत. चष्म्याची एक काडी दोऱ्याची. मी चप्पल पुढे केली. त्याने आरी उचलली ती डाव्या हाताने.

पाच मिनिटांत अंगठा शिवून झाला. मी टाके बघितले. कलते, उलट्या अंगाला. बाबूरावांनी पिशवीतून होल्स्टर काढलं आणि गोणपाटावर ठेवलं.

तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला. झाकण उघडलं, आतल्या बाणावरून अंगठा फिरवला आणि एकदम हसले. दात दोनच होते.

"कोंबडीचा पाय! आरं, ह्यो काढायला मला अख्खी दुपार लागली व्हती!"

"तुम्ही केलंय हे?"

"मी न्हाई तर काय? सतरा-अठरा वर्सांचा आसंन. सोनीच्या नवऱ्यानं करून घेतलं. गावचा जावई व्हता ना तो, फौजंतला. लई शिस्तीचा. रजेवर आला व्हता. हत्यार तिकडं पलटणीत जमा, पट्टा अन् कव्हर अंगावर. मनाला, आता लढाई संपली, ह्ये सरकारला परत द्यायचंय, तवा अगदी असंच मला एक करून दे."

"मग तिथे ठिगळ का लावलंत?" माझ्याच्याने धीर धरवला नाही. "चामडं तर फाटलं नव्हतं."

तात्यांनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "तुमाला येक जुनी वहान दिली आन् मनलं, हिची जोडी कर, तर कशी कराल? नवी कोरी केली तर मानूस लंगडंल की! जुनी जिथं झिजली तिथं नवी बी तासावी लागती. नमुना म्हंजे नमुना. त्याच्या कव्हराला ठिगळ व्हतं, मी बी लावलं. आत कोंबडीचा पाय व्हता, काढला. फुडं काय काय किरटं व्हतं ते बी काढलं. मला कुटं वाचता येतंय? शाईचा डाग पडला व्हता, मला वाटलं त्यो बी त्यातलाच. टोचला."

तो ठिपका! सत्तावीस वर्षांत मी असा ठिपका पाहिला नव्हता, आणि म्हातारा सांगत होता की तो नुसता डाग होता.

"मी त्याला मनलं व्हतं," तात्या आरी पुसत म्हणाले, "जावईबापू, खरं ठिवा घरी, आन् ह्ये माझं द्या सरकारला. कोन बगतंय? एवढा चिडला! मनाला, सही करून घेतलंय, सही करून देनार. तवा मी गप बसलो."

बाबूरावांनी तोंड फिरवलं. नंतर गाडीपाशी जाऊन रुमालाने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "धूळ लई हाय इथं." मी म्हणालो, "हो, आहे." मग आम्ही दोघांनी उसाचा रस घेतला.

तात्या आपल्या कामाचं काही घ्यायला तयार होईनात. म्हणाले, "माझंच काम बगायला मिळालं, आजून काय पायजे?"

पुन्हा खोडद

परतीच्या वाटेवर मी मनात पत्र जुळवत होतो. होल्स्टर नकली, पण नमुना अस्सल. नमुन्यावर सरकारी बाण होता, म्हणजे ते साहेबाच्या दुकानातलं नव्हतं. त्या पलटणींत बऱ्याच जणांना कॅनव्हासचं मिळे, काहींना जुन्या साठ्यातलं चामड्याचं. बूट पुसणाऱ्याला यातलं काहीच मिळत नसे, पण मशीनगनवरच्या माणसाला रिव्हॉल्वर देत. इथवर ठीक होतं. पण ४३१७ हा नंबर सखारामचाच कशावरून? अण्णा हे विचारणार, आणि विचारायलाच हवं होतं. जमा केलं म्हणणारा एकटा तात्या, तोही सासुरवाडीचा.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. सोनाबाई अंगणात मोरीपाशी भांडी घासत होत्या. बाबूरावांनी त्यांना सगळं सांगितलं, भराभर, मधले धागे सोडून. त्या राखेचे हात तसेच धरून ऐकत राहिल्या. "सही करून देनार" हे ऐकल्यावर म्हणाल्या, "तसंच बोलायचे ते. ह्ये दुसरं करून घेतल्याचं मातर मला बी कदी बोलले न्हाईत." आणि पुन्हा घासायला लागल्या.

मी खाटेवर टेकलो. समोर घासलेली भांडी पालथी घातली होती. त्यात कालची माझी थाळी होती, तळ वर करून. तळाला काठाशी काहीतरी कोरलेलं दिसलं. आमच्याकडे भांड्यांवर नाव घालतात तसं, पण नाव नव्हतं. मी उठलो. भिंग लावायची गरजच नव्हती.

४३१७.

"बाबूराव! हे काय आहे?"

"त्ये? वडलांची थाळी. फौजंतनं आणलेली. तो नंबर भांड्याच्या कारखान्याचा आसंल."

कारखान्याचा कसला! पंगतीत थाळ्या बदलू नयेत म्हणून शिपाई स्वतः विकत घेतलेल्या थाळीच्या तळाला आपला पलटणीतला नंबर कोरून घेत. आदल्या दिवशी मी त्या पुराव्यावर मासवड्यांचा रस्सा ओतून जेवलो होतो, आणि तीच थाळी पुढ्यात असताना एक दिवस आधी कळलं असतं ते न कळता हात धुतले होते. मी होल्स्टरचं झाकण उघडून थाळीशेजारी धरलं. बाबूराव एकेक आकडा बोटाने वाचत गेले, आधी थाळीवर, मग चामड्यावर. मग पुन्हा एकदा.

सोनाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या जवळ आल्या, ओल्या बोटाने थाळीचे आकडे चाचपले आणि मग टोचलेले आकडे चाचपले.

"सारकंच हाय," त्या म्हणाल्या. "ह्ये तर मी रोज घासते."

अण्णांना बोलावलं. मी काल जिथे बसून 'नकली' म्हणालो होतो, त्याच जागी बसून पत्र लिहिलं आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं: 'हे होल्स्टर लष्करी नाही, नक्कल आहे. ज्याची नक्कल आहे ते सरकारी होतं आणि शिपाई नंबर ४३१७ यांना रिव्हॉल्वरसाठी दिलेलं होतं. हाच नंबर सखाराम यांच्या फौजी थाळीवर आहे. ही नक्कल करणाऱ्या कारागिराने मला समक्ष सांगितलं की अस्सल परत करायचं म्हणूनच ती करून घेतली.' खाली सही.

अण्णांनी थाळी हातात घेऊन पाहिली, होल्स्टर पाहिलं, पुन्हा थाळी पाहिली. भला माणूस. टोपी काढून म्हणाले, "सोनाकाकू, आमी पन्नास वर्सं काय काय बोललो."

"बोलला खरं," सोनाबाई म्हणाल्या. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि अण्णांनीही पुन्हा विचारलं नाही.

होल्स्टर अजून माझ्या हातात होतं. सोनाबाईंनी ते घेतलं आणि कात्री आत सरकवली. या वेळी मी काही बोललो नाही. रिकामं ठेवलं तर चामडं आक्रसतं, हे मला भांडारात पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

जाता जाता अण्णा उंबऱ्यात थांबले. पाथरवट उद्याच यायचा होता. म्हणाले, "काकू, नावाम्होरं नंबर बी घालू का? चार आकडं त्ये. शोभून दिसंल."

सोनाबाईंनी थाळी उचलली, पदराने कोरडी केली आणि छातीशी धरली.

"नाव गावाला घ्या," त्या म्हणाल्या. "नंबर माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या."